हातचा एक : वर्गातील मुलाच्या कार्यस्मृतीविषयी

(गोंदिया जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणशास्त्राचा मी अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि नोकरी माहिती खात्यातली आहे. शासनाचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. ह्या कामात माणसाच्या स्मरणाशी रोजच गाठ पडते. गावात दवंडी देणारा कोतवाल एका वेळी एकच गोष्ट सांगतो : काय, कोठे आणि कोणत्या दिवशी. उलट, शासकीय पत्रक एका दमात सात अटी, पाच कागदपत्रे आणि दोन अंतिम तारखा सांगून मोकळे होते. ऐकणारा शेतकरी कार्यालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यातील निम्मे गळून गेलेले असते. दोष सांगण्याच्या रीतीत असतो, खेप मात्र शेतकऱ्याला पडते. वर्गात हेच घडते तेव्हा खेप कोणाला पडते, ह्याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम एक छोटा प्रयोग करू. मी चार आकडे सांगतो : पाच, दोन, नऊ, सात. हे मनातल्या मनात उलट्या क्रमाने म्हणावयाचे आहेत. कागद घ्यावयाचा नाही. सात, नऊ, दोन, पाच. आपणांपैकी बहुतेकांना जमले असेल. आता हेच सात आकड्यांचे करा आणि मध्येच शेजाऱ्याने आपणांस वेळ विचारली असे समजा. आकडे धरून ठेवणे आणि त्यांच्यावर काही काम करणे, ही दोन्ही कामे मनाचा जो भाग एकाच वेळी करतो त्याला मानसशास्त्रात एक स्वतंत्र नाव आहे. मराठीत कोणी त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. पण कार्यकारी म्हटले की आपल्याला अभियंत्याची आठवण होते, म्हणून मी कार्यस्मृती हा शब्द वापरतो.

आपले दीर्घकाळ टिकणारे ज्ञान हा नवेगावबांधसारखा तलाव मानला, तर कार्यस्मृती ही ओंजळ आहे. तलावात जे काही जाते आणि तलावातून जे वापरासाठी निघते ते ह्या ओंजळीतून. ओंजळ लहान आहे, आणि बोटे जरा सैल पडली की ती रिकामी होते. किती लहान? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास असा अंदाज मांडला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून तो चारच्या आसपास आणला. दरम्यान १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच यांनी ह्या स्मृतीची रचना मांडली. ऐकलेले शब्द मनात घोळवत ठेवणारा एक भाग, पाहिलेली आकृती व जागा धरून ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कोठे द्यावयाचे हे ठरविणारा तिसरा. पुढे ह्या रचनेत भर पडली, परंतु शिक्षकाच्या कामापुरती एवढी ओळख पुरेशी आहे.

आपल्या गणितात ह्यासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे. ४७ आणि ३८ यांची बेरीज तोंडी करताना आपण म्हणतो, सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा हातचा अजून उत्तरात लिहिलेला नाही, पण विसरूनही चालत नाही. तो धरून ठेवून चार आणि तीन यांची बेरीज करावयाची, आणि मग त्याला आठवणीने सोडावयाचे. ज्या मुलाचा हातचा वारंवार गळतो त्याला बेरीज येत नाही असे आपण म्हणतो. त्याला बेरीज येत असते. धरून ठेवणे जड जात असते. ह्या दोन गोष्टींतील फरक ओळखला नाही तर उपाय चुकतो, आणि मूल तेच तेच गणित पुन:पुन्हा चुकत राहते.

वर्गातील मुलांमध्ये ह्या शक्तीचे प्रमाण फार वेगवेगळे असते. सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी ॲलोवे यांनी २००८ मध्ये शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक हिशेब दिला आहे. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या सर्वसाधारण वर्गात किमान तिघांची कार्यस्मृती सरासरी चार वर्षांच्या मुलाएवढी असते, आणि दुसऱ्या तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी. म्हणजे एकाच बाकावर एकाची ओंजळ अंगणवाडीतील, तर शेजाऱ्याची पाचवी-सहावीतील. आपण मात्र सूचना एकच देतो.

ती सूचना कशी असते? “मराठीचे पुस्तक काढा, बेचाळिसावे पान उघडा, दुसरा परिच्छेद वाचा, त्यातील नामांखाली रेघ ओढा, ती वहीत उतरवा, आणि झाल्यावर वह्या टेबलावर आणून ठेवा.” सहा कामे एका श्वासात. शेवटच्या बाकावरचा मुलगा पुस्तक काढतो, पान उघडतो आणि थांबतो. मग तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. त्याला कॉपी करावयाची नसते, पुढे काय करावयाचे ते शोधावयाचे असते. आपण ओरडतो, “लक्ष कोठे आहे?” २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तीन हजारांहून अधिक मुलांची चाचणी घेऊन फारच कमी कार्यस्मृती असलेली तीनशेहून अधिक मुले निवडण्यात आली होती. त्यांच्याविषयी शिक्षकांनी दिलेल्या माहितीत वारंवार आढळलेली तक्रार लक्ष टिकत नाही, चटकन विचलित होतो, अशी होती. आपल्याकडे ह्याला दोन अक्षरी शब्द आहे, मठ्ठ. प्रगतिपुस्तकात तो लिहिला जात नाही, पण मुलाला तो पाठ असतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा एका बाजूस मध्य प्रदेशाला आणि दुसऱ्या बाजूस छत्तीसगडला लागून आहे. आमगाव-तिरोड्याकडे घरी पोवारी बोलणारे मूल आहे, देवरी-सालेकसा भागात गोंडी आणि हलबी बोलणारे आहे, सीमेवरच्या गावांत छत्तीसगढी आहे, आणि गोंदिया शहराच्या बाजारात हिंदी आहे. शाळेचे पुस्तक प्रमाण मराठीत. घरच्या भाषेत ऐकलेले वाक्य मुलाच्या ओंजळीत अलगद राहते, कारण शब्द ओळखीचे असतात. अनोळखी भाषेतील तेवढेच वाक्य अधिक जागा घेते. अर्थ लावण्यातच ओंजळ भरून जाते, मग गणित कोठे ठेवावयाचे? शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे माध्यम असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. ते पूर्णपणे होईल तेव्हा होईल. पण उदाहरणातील नवा शब्द आधी पोवारीत किंवा गोंडीत एकदा सांगण्यास कोणत्याही आदेशाची गरज नाही. आणि ज्या शिक्षकाला ती भाषा येत नाही त्याने ती वर्गातल्याच एखाद्या मुलीकडून शिकावी. ती फार आनंदाने शिकविते.

भाषेचा प्रश्न शब्दाच्या लांबीपर्यंत जातो. १९८० मध्ये वेल्स येथे असे आढळले की, तेथील द्विभाषिक माणसांना वेल्श भाषेत इंग्रजीपेक्षा कमी आकडे लक्षात राहतात. बुद्धी तीच, माणूस तोच; केवळ वेल्श आकड्यांचा उच्चार करावयास अधिक वेळ लागतो, आणि मनात घोळविताना तेवढ्यात आधीचे आकडे विरून जातात. मराठीत ह्याहून मोठी अडचण आहे. ‘पंचवीस’ ऐकताना मुलाला पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी लिहावयाचे आणि पाच नंतर. पाच हा आकडा तेवढा वेळ हातचा म्हणून धरून ठेवावा लागतो. ‘एकोणतीस’ ह्यात तर तीस ऐकून वीस लिहावयाचे आहेत. ‘एकोणनव्वद’ शिकलेले मूल नव्याण्णवला जाऊन अडखळते, कारण तेथे रीतच बदलते. आपला गोंदियाचा मुलगा शाळेत ‘एकोणतीस’ ऐकतो आणि दुकानात ‘उनतीस’. जर्मन भाषेतही एकक आधी बोलला जातो आणि तेथील मुलेही अंकांची अदलाबदल करतात. तेलुगू आणि कानडीत दशक आधी येतो, त्यामुळे तेथील मूल ऐकते त्याच क्रमाने लिहिते.

२०१९ च्या जून महिन्यातील वाद आपणांस आठवत असेल. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असे संख्यावाचन आले, आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळात विषय निघाला, वृत्तपत्रांत विनोद झाले, मराठीचे काय होणार अशी चिंता व्यक्त झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की, उलटा क्रम आणि जोडाक्षरे यांमुळे लहान मुले अडखळतात, त्यांच्या मनात गणिताची भीती बसते, आणि परंपरागत शब्द रद्द केलेले नाहीत. नारळीकरबाई २०२३ मध्ये आपल्यातून गेल्या. वादात भाषाभिमान पुष्कळ बोलला, पण दुसरीतल्या मुलाच्या ओंजळीचे वजन करावयास फारसे कोणी गेले नाही. माझे मत विचाराल तर ‘बहात्तर’ हा शब्द मुलाला यावयासच हवा. बाजारात, बँकेत, म्हाताऱ्या आजीशी बोलताना तोच लागणार आहे. मात्र शिकण्याच्या काळात ‘सत्तर दोन, बहात्तर’ असे जोडीने म्हणावे, म्हणजे शब्दही टिकेल आणि आकडाही उलटा पडणार नाही. तसे म्हणताना दहाचे सात गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या तर आणखी बरे.

पाठांतराविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. घोकंपट्टी वाईट, असे आपण गेली कित्येक वर्षे म्हणत आलो, आणि अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी वाईटच. परंतु जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर शिकलेली मुले संध्याकाळी परवचा म्हणत, त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही असे. साडेतीन रुपये भावाने सात पायली धान्याचे किती, हे त्या माणसाला काढावे लागत नसे, ते जिभेवर तयार असे. जे तयार असते ते ओंजळीत जागा घेत नाही. ते तलावातून सरळ येते आणि ओंजळ विचारासाठी मोकळी राहते. म्हणून समजून घेतलेले पाढे पाठ असणे ही मुलाची सोय आहे. अस्खलित वाचनाचेही तसेच आहे. अक्षर अक्षर जुळविणारे मूल वाक्याच्या अखेरीस पोहोचते तेव्हा वाक्याचा आरंभ त्याच्या हातून सुटलेला असतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत वाचन आणि संख्याज्ञान पक्के करण्यावर जो भर दिला आहे, त्यामागील एक कारण हेही मानता येईल.

दुसरा धडा खळ्यावरच्या मापाऱ्याकडून घ्यावा. धान मोजताना तो पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो आणि पुढे प्रत्येक माप टाकताना आकडा मोठ्याने म्हणत राहतो. ठरावीक मापे झाली की मूठभर धान बाजूला ठेवतो. कोणी मध्येच हाक मारली तरी त्याचा हिशेब चुकत नाही, कारण निम्मा हिशेब जमिनीवर मांडलेला असतो. वर्गातही निम्मा हिशेब जमिनीवर, भिंतीवर, फळ्यावर मांडला पाहिजे. मघाची सहा कामांची सूचना दोन-दोन कामांच्या तुकड्यांत द्यावी, आणि तिचे टप्पे फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून तास संपेपर्यंत पुसू नयेत; लहान वर्गात शब्दांऐवजी पुस्तक, पेन्सिल, वही अशी चित्रे काढावीत. सूचना दिल्यावर “कळले का?” असे विचारू नये. त्या प्रश्नाला सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. एखाद्या मुलाला “आता काय करणार ते मला सांग” असे म्हणावे. काय गळले ते तत्काळ दिसते. शंभरपर्यंतचा तक्ता आणि पाढ्यांचा तक्ता भिंतीवर असावा, व तो पाहून गणित करणाऱ्याला टोकू नये. फळ्यावरून उतरवून घेणे हे आपण विश्रांतीचे काम समजतो. ज्याची कार्यस्मृती कमी आहे त्याच्यासाठी ते फार दमविणारे काम आहे. ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द तो चार वेळा मान वर करून उतरवितो आणि पाचव्यांदा चुकीच्या ओळीवर उतरतो. त्याला तो मजकूर जवळ कागदावर लिहून द्यावा. श्रुतलेखनात वाक्य अर्थाच्या तुकड्यांनी सांगावे. शाब्दिक उदाहरणात माल ओळखीचा असावा. बांधी, रोवणी आणि धानाची पोती ह्यांचे गणित आपले मूल समजून सोडविते. मेट्रोच्या डब्यांचे उदाहरण आले की त्याला आधी मेट्रो काय ते मनात उभे करावे लागते.

आणखी एक. विसरलेल्या मुलाने हात वर करून “गुरुजी, पुढे काय?” असे विचारले तर त्याला रागावू नये. विचारणे हे त्याने स्वत: शोधलेले साधन आहे. रागावल्यावर तो विचारणे सोडतो, विसरणे सोडत नाही.

हे सर्व केले म्हणजे निकाल आपोआप सुधारतो, असे मी सांगणार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात शिक्षकांना ह्या पद्धतीचे प्रशिक्षण दिले, तेव्हा प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांच्या प्रगतीत विशेष फरक आढळला नाही. मात्र ज्या शिक्षकांनी ह्या गोष्टी वर्गात प्रत्यक्ष अधिक प्रमाणात केल्या त्यांची मुले पुढे गेलेली दिसली. प्रशिक्षणाची हजेरी आणि वर्गातील आचरण यांतले अंतर आपणांस नवीन नाही. उलट बाजूने, स्मरणशक्ती वाढविणारे खेळ, वर्ग आणि औषधे यांच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. अशा खेळांचा सराव केला की मूल त्या खेळात तरबेज होते. वाचनात आणि गणितात त्याचा लाभ उतरतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. पालकांनी त्यासाठी पैसे मोजू नयेत, आणि शाळांनी त्या प्रतिनिधींना वर्गात बोलावू नये.

आता ग्रामपंचायत सदस्यांसाठी. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात, म्हणजे एका खोलीत दोन किंवा तीन वर्ग. तिसरीचे पाढे चालले असताना दुसरीच्या मुलाने मनात आकडे धरावयाचे. मध्ये अर्धी भिंत किंवा साधा पडदा घातला तर एका शिक्षकाचा आवाज दुसऱ्या वर्गाच्या ओंजळीत पडत नाही. टिनाचे छप्पर असलेल्या खोलीत श्रावणातल्या पावसात शिक्षकाचे बोलणे पहिल्या बाकापुढे जात नाही; छताखाली साधे आच्छादन घालण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला असू शकतो. दोन वर्गांपैकी एकाला त्या वेळी लेखी काम देता येईल, हा वेळापत्रकाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत काढता येतो. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कोणते मूल घरी निरोप विसरते हे त्या मातांना आपल्या आधी ठाऊक असते.

स्मृतीला दोष देण्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्या दिवशी, सूचना अर्धवट ऐकणारी मुले गैरहजर नाहीत ना, एवढे पाहावे. उपाशी आलेल्या मुलाचे मन भुकेकडे असते. त्याला दुपारच्या जेवणानंतर गणित अधिक जमते का, तेही पाहावे. आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचा प्रश्न आहेच. ह्या आजाराच्या मुलाची शाळा वेदनेच्या दिवसांत बुडते. काही मुलांत मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर असा परिणाम होतो की, वरून काही दिसत नाही, पण लक्ष आणि कार्यस्मृती कमी पडू लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, दोन्ही आपल्या यादीत घेतल्या आहेत. असे मूल अचानक मागे पडू लागले तर ते आळशी झाले असे ठरविण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलावे.

हे आताच सांगण्याचे कारण असे की, २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला पुन्हा एक संधी मिळते. त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास ते त्याच वर्गात राहते. पाचवीत मागे राहिलेल्या मुलाला, विशेषत: मुलीला, धानकापणीच्या आणि तेंदूपानाच्या हंगामात घरी थांबवून घेणे फार सोपे असते. तेव्हा केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे की, पाचवीच्या ज्या मुलांची नावे पुनर्परीक्षेच्या यादीत येतील त्यांच्या उत्तरपत्रिका एकदा समोर घेऊन बसावे. प्रत्येक चुकीसमोर रीतच आलेली नाही, की हातचा सुटला आहे, एवढीच खूण करावी. पुनर्परीक्षेपूर्वी मिळणाऱ्या दिवसांत दोन्ही प्रकारच्या मुलांना वेगवेगळे शिकवावे लागेल, आणि त्या दिवसांत त्यांना कोण शिकविणार हे आजच्या सभेतच ठरले तर बरे होईल.